अस्सल, नक्कल आणि बनावट : जुन्या घड्याळांची साक्ष



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोत्यांची अपेक्षा गडकोटांची, तहांची आणि मोहिमांची असते. आणि ती अपेक्षा वावगी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु इतिहास जसा दप्तरखान्यांत असतो तसाच तो घराघरांतील कपाटांतही असतो. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती अशीच कपाटातील आहे. वडिलांचे अथवा आजोबांचे जुने घड्याळ, त्याचे खरेखोटेपण, आणि ते खरेखोटेपण ओळखण्याची रीत हा आजचा विषय.

हा विषय नया नगरसारख्या वस्तीत मांडण्यात औचित्य आहे. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडील ही वस्ती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, मिठागरांच्या आणि शेतांच्या टापूत उभी राहिली. डोंगरी, भेंडी बाजार, महंमदअली रोड अशा जुन्या मुंबईच्या मोहल्ल्यांतून पुष्कळ कुटुंबे इकडे आली आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर हा ओघ अधिकच वाढला. बिऱ्हाड हलवताना जड सामान मागे राहते. पण घड्याळ खिशात मावते. शिवाय आखाती देशांत नोकरीसाठी गेलेल्या माणसांनी येताना आणलेली घड्याळेही पुष्कळ घरांत आहेत. त्यामुळे अशा वस्तीत जुने घड्याळ विकणारा भेटतो, विकत घेणाराही भेटतो, आणि फसणाराही भेटतो. फसणारा नेहमी घेणाराच असतो असे नाही. घरातील अस्सल वस्तू ओळखता न आल्यामुळे ती मातीमोलाने देऊन टाकणारा विक्रेताही फसलेलाच असतो.

याहून एक मोठे कारण आहे. जगातील जुन्या घड्याळांच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. जुनी, झिजलेली यंत्रे घेऊन, त्यांवर भडक रंगांची नवी तबकडी बसवून, नामांकित स्विस कंपनीचे नाव तिच्यावर छापून जी घड्याळे विकली जातात त्यांना हे लोक या नावाने ओळखतात. आपल्या शहराचे नाव अशा रीतीने शिवीसारखे वापरले जावे याचे वाईट वाटते. तथापि नुसते वाईट वाटून भागत नाही. हे असे का झाले आणि त्यात दोष कोणाचा किती, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

आपल्या जुन्या दप्तरांत कागदांची वर्गवारी करताना तीन शब्द वापरले जात: अस्सल, नक्कल आणि बनावट. अस्सल म्हणजे मूळचा कागद. नक्कल म्हणजे त्या मूळ कागदाची प्रामाणिक प्रत. मूळ कागद फाटेल, भिजेल, हरवेल म्हणून केलेली. बनावट म्हणजे जो कागद कधी लिहिलाच गेला नव्हता तो लिहिला गेला होता असे भासवणारा. नक्कल करणारा कारकून गुन्हेगार नव्हे. परंतु तीच नक्कल कोणी अस्सल म्हणून पुढे केली की ती बनावटीच्या वर्गात जाते. कागद तोच राहतो. बदलतो तो त्याविषयी केलेला दावा. आमच्या मते जुन्या घड्याळांचा सगळा प्रश्न या तीन शब्दांत नीट मांडता येतो.

प्रथम मुंबई आणि घड्याळे यांचा संबंध पाहू. फाव्र-लुबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्विस घराण्याचा घड्याळांचा धंदा १७३७ पासूनचा. त्या घराण्यातील फ्रिट्झ फाव्र १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मुंबईत पाय रोवला. पुढे शंभराहून अधिक वर्षे हे नाव आपल्या मध्यमवर्गात इतके रुळले की ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही घड्याळे म्हणजे लग्नातील आहेर अथवा पहिल्या पगाराची खरेदी असे समीकरणच होऊन बसले. दुसरे नाव वेस्ट एंड वॉच कंपनीचे. १८८६ साली स्वित्झर्लंडमधील आल्सिद द्रो यांच्या कारखान्याने हे नाव घेऊन हिंदुस्थानच्या बाजारात प्रवेश केला. त्यांच्या तबकड्यांवर कंपनीच्या नावाखाली मुंबई आणि कलकत्ता या शहरांची नावे छापलेली असत. त्यांच्या ‘सोवार’ या प्रसिद्ध घड्याळाचे नाव आपल्या ‘स्वार’ या शब्दावरून, म्हणजे घोडदळाच्या शिपायावरून, घेतलेले आहे.

या दुसऱ्या नावात एक गंमत आहे. घड्याळ स्विस, बाजार हिंदुस्थानी, आणि नाव मात्र लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचे! त्या काळी इंग्रजी नावाला भाव होता आणि परदेशी कारखानदार असे नाव राजरोस लावीत. अशा नावांमुळे माल कोठला याविषयी गिऱ्हाइकाचा गैरसमज होतो, म्हणून इंग्लंडने १८८७ साली व्यापारी चिन्हांविषयी कायदा केला आणि त्याच धर्तीवर १८८९ साली हिंदुस्थानातही कायदा झाला. इंग्रजी नाव धारण करणाऱ्या परदेशी मालावर त्याचे मूळ स्थान लिहिणे भाग पडले. तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, ‘स्विस’ अथवा ‘स्विस मेड’ ही जी बारीक अक्षरे आपण पाहतो ती रूढ होण्यामागे या कायद्यांचा मोठा हात आहे. आज ज्या अक्षरांकडे आपण प्रतिष्ठेची खूण म्हणून पाहतो, ती आरंभी गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी लादलेली कबुली होती. खरेखोटेपणाचा वाद या वस्तूच्या पाठीस जन्मापासून लागलेला आहे, हे यावरून ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७ च्या सुमारास, परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि चैनीच्या मानल्या गेलेल्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ते घड्याळ स्वस्त आणि टिकाऊ होते. पण स्विस घड्याळाची हौस त्याने संपली नाही. कायदेशीर मार्ग अरुंद झाला तसा चोरटा मार्ग रुंद झाला. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. चोरट्या आयातीच्या वाजवी संशयावरून माल जप्त झाला असता, तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते कलम मालाच्या धन्यावर टाकते. कोणत्या मालाच्या बाबतीत? तर तेथे सोन्याच्या पंक्तीला घड्याळांचे नाव घेऊन बसवलेले आहे. ज्या वस्तूचा उल्लेख कायद्याला सोन्याबरोबर करावा लागला, तिची त्या काळी केवढी ओढ होती हे निराळे सांगावयास नको.

आता अशा काळात सामान्य माणसाच्या जुन्या स्विस घड्याळाचे काय होत असे ते पाहा. मुंबईची हवा दमट; चार महिने पाऊस. काचेच्या फटीतून ओलावा आत जाई, तबकडीवर डाग पडत, रंगाचे पोपडे निघत. कंपनीकडून नवी तबकडी मागवावी तर आयात बंद. तेव्हा घड्याळजी तीच तबकडी रंगवून घेत असे. जुना रंग आणि लाख उतरवून पितळेचा पत्रा उघडा करायचा, त्यावर पुन्हा रंग चढवायचा, आणि ठशाने कंपनीचे नाव व आकडे उमटवायचे, असा तो उद्योग. सुटे भाग मिळत नसत, म्हणून दोन बंद पडलेल्या घड्याळांतून एक चालू घड्याळ उभे करण्यात येई. भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे आपल्या चोर बाजारात, आणि अशाच इतर पेठांत जुन्या घड्याळांची व त्यांच्या सुट्या भागांची देवघेव चाले. या कारागिरांनी अडचणीच्या काळात हजारो घड्याळे चालती ठेवली. तबकडी रंगवून देणे हा प्रकार केवळ आपल्याकडेच होता असेही नाही. युरोप-अमेरिकेतही डागाळलेली तबकडी नवी करून देणे ही दुरुस्तीची सर्वमान्य रीत होती. गिऱ्हाइकाला वेळ पाहायची होती, आणि ती नीट दिसावी एवढीच त्याची मागणी होती. आमच्या वर्गवारीत हा ‘नकलेचा’ व्यवहार झाला, आणि तो प्रामाणिक होता.

बनावटीचे युग यानंतर आले. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढील दहापंधरा वर्षांत किल्ली देण्याच्या घड्याळांचा बाजार कोसळला. वेळ पाहण्यासाठी अशा घड्याळाची गरज उरली नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ते संग्रहाची वस्तू झाले. उपयोग संपला की दुर्मिळता मोजली जाऊ लागते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचे रोलेक्स डेटोना घड्याळ एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलरांच्या वर गेले. हे उदाहरण अर्थात टोकाचे आहे. परंतु त्यातील धडा सार्वत्रिक आहे. याच नटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशिष्ट तबकडीचे डेटोना आणि साध्या तबकडीचे डेटोना यांचे यंत्र एकच असले तरी किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. एका पातळ रंगीत पत्र्यावर जेव्हा इतके मूल्य चढते, तेव्हा तो पत्रा खोटा करण्याचा मोह सुटल्यावाचून राहत नाही. आपल्याकडील रंगवलेली घड्याळे परदेशी गिऱ्हाइकांना ‘मूळची’ म्हणून विकली जाऊ लागली ती याच प्रवाहात. कारागिरी तीच होती; दावा बदलला. नक्कल होती तिची बनावट झाली.

मग ही बनावट ओळखावी कशी? येथे आपल्याच इतिहाससंशोधकांची परंपरा उपयोगी पडते. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये सरकारने इनाम कमिशन बसवले आणि दख्खनमधील इनामदारांना आपापल्या सनदा पुढे कराव्या लागल्या. जमीन हातची जाण्याचा प्रश्न आल्यावर कागदाच्या खरेखोटेपणाला केवढे महत्त्व येते हे तेव्हा सर्वांना कळले. पुढे राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि कागदाची चिकित्सा हे एक शास्त्रच आपल्याकडे तयार झाले. कागद कोणत्या जातीचा, शाई कोणती, अक्षराचे वळण त्या काळचे आहे काय, शिक्का कोठे उमटवला आहे, तिथी आणि वार जुळतात काय, ज्याचे नाव लिहिले आहे तो मनुष्य त्या वर्षी त्या हुद्द्यावर होता काय, हे प्रश्न संशोधक विचारतो. एका कागदातील दोन विधाने एकमेकांस छेद देत असतील तर तो संशयास पात्र ठरतो. घड्याळाला हेच प्रश्न विचारावयाचे आहेत.

आरंभ तबकडीपासून करावा, कारण बहुतेक लबाडी तेथेच असते. स्विस कारखान्यांत कोरीव पत्र्यातील शाई जिलेटिनच्या मऊ गोळ्याने उचलून तबकडीवर टेकवीत. त्यामुळे मूळची अक्षरे भिंगाखाली पाहिली तर काठाशी धारदार, सारख्या जाडीची आणि किंचित उठावदार दिसतात. नव्याने रंगवलेल्या तबकडीवर बहुधा अक्षरे जाड, पसरट, कोठे फिकी तर कोठे गडद असतात. सेकंदाच्या लहान वर्तुळाच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात, किंवा वर्तुळ मध्यापासून सरकलेले असते. मिनिटांच्या खुणा तासांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. तळाची ‘स्विस’ ही अक्षरे एक तर गायब असतात, किंवा इतकी वर छापलेली असतात की ती अधांतरी वाटतात, अथवा काठाखाली अर्धी कापली जातात. शिवकालीन पत्रात मजकूर संपला तेथे मर्यादेची मुद्रा उमटवीत, म्हणजे पुढे कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. तबकडीच्या तळाची ही अक्षरे काहीशी तशीच आहेत. बनावट करणाऱ्याचे लक्ष वरच्या मोठ्या नावावर असते आणि तो या सीमेपाशी चुकतो. तबकडीच्या कडेला कानशीने केलेली बारीक खाच दिसली तर तीही पाहून ठेवावी. रंगवताना तबकडी सरळ बसावी म्हणून रंगारी पुष्कळदा अशी खाच पाडतात.

रंगाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. निळा, पिवळा, तांबडा अशा दुरंगी-तिरंगी तबकड्या, मध्यभागी मोठे तांबडे क्रॉसचिन्ह, सैन्याची वा रेल्वेची नावे ठळक अक्षरांत. असे रूप दिसले की सावध व्हावे. कंपन्यांचे जुने छापील कॅटलॉग आणि त्या काळच्या जाहिराती पाहिल्या तर असले नमुने त्यांत सहसा सापडत नाहीत. शिवाय साधा तर्कही लढवावा. साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळाची केस झिजलेली, कड्या घासलेल्या, मागचे झाकण ओरखड्यांनी भरलेले, आणि तबकडी मात्र कालच आणल्यासारखी कोरी, ही गोष्ट अशक्य नसली तरी तिला स्पष्टीकरण हवे.

दुसरी कसोटी अंधारात चमकणाऱ्या द्रव्याची. आपण सर्वजण त्याला ‘रेडियम’ म्हणतो, आणि १९६० च्या सुमारापर्यंत ते खरोखरच रेडियमयुक्त असे. त्यानंतर ट्रिटियम आले. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी ‘टी’ हे अक्षर दिसते ते त्यामुळे. गेल्या शतकाच्या अखेरीस ट्रिटियमही मागे पडून किरणोत्सर्ग नसलेले द्रव्य प्रचारात आले. यावरून तिथी-वारासारखा ताळा घेता येतो. घड्याळ १९५० चे म्हणून सांगितले आणि तबकडीवर ‘टी’ असेल, तर दोन्ही विधाने एकत्र खरी असणे शक्य नाही. ट्रिटियमचे बळ सुमारे साडेबारा वर्षांत निम्मे होते, म्हणून त्या काळचे खरे ठिपके आता जवळजवळ विझलेले असतात. रेडियमचे बळ निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. तरीही जुने रेडियमचे ठिपके चमकत नाहीत, कारण त्याच्यासोबत मिसळलेले प्रकाश देणारे जस्ताचे संयुग स्वतःच जळून जाते. म्हणून दिव्याखाली धरून अंधारात नेलेले ‘१९५० चे’ घड्याळ हिरवेगार उजळत राहिले तर ते द्रव्य नंतर भरलेले आहे असे समजावे. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. विझलेले रेडियमही किरणोत्सर्ग करीतच असते. ते नखाने खरवडू नये, घरी झाकण उघडून फुंकर मारू नये. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी तबकड्यांवर रेडियम लावणाऱ्या कामगार मुलींचे या विषाने जे हाल झाले ते प्रसिद्ध आहेत.

तिसरी कसोटी यंत्राची. मागचे झाकण जाणत्या घड्याळजीकडून उघडून घ्यावे. विकणारा उघडू देत नसेल तर त्यातच पुष्कळ उत्तर मिळते. उघडल्यावर पाहावयाचे ते तबकडी आणि यंत्र यांच्या जबान्या जुळतात की नाही. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिले आहे आणि आत किल्ली देण्याचे यंत्र आहे. तबकडीवर एकवीस ज्युवेल्स आणि यंत्रावर सतरा कोरलेले आहेत. तबकडीवर एका कंपनीचे नाव आणि यंत्राच्या पट्टीवर दुसऱ्याच कंपनीचे, किंवा कोणाचेच नाही. असे विरोध बनावट घड्याळांत नेहमी सापडतात. ‘मुंबई स्पेशल’ प्रकारात फॉन्टेनमेलॉन येथील कारखान्याचे साधे ९६ जातीचे यंत्र पुष्कळदा आढळते. यंत्र वाईट नव्हे, अनेक स्विस कंपन्यांनी ते प्रामाणिकपणे वापरले आहे. पण एखाद्या अव्वल कंपनीच्या नावाखाली ते निघाले तर दावा कोसळतो. यंत्र केसमध्ये सैल बसून भोवती पितळी कडे भरलेले असेल, तर ते यंत्र त्या घरचे नव्हे. तबकडीला मागून दोन बारीक तांब्याचे पाय असतात आणि ते यंत्रातील भोकांत बसतात. पाय कापून तबकडी गोंदाने चिकटवलेली असेल, तर दोघांचा विवाह उशिरा लागलेला आहे हे निश्चित.

चौथी कसोटी केसची. सोन्याच्या स्विस केसच्या आत सरकारी छाप असतात. १८८० च्या स्विस कायद्यानंतर अठरा कॅरटसाठी हेल्वेतिया देवीचे मुख आणि चौदा कॅरटसाठी खार अशी चिन्हे ठरली. छापाच्या कडा स्पष्ट असाव्यात. फार वेळा पॉलिश केलेल्या केसचे कोने गोल होतात, छाप पुसट होतात आणि आकडे वाचता येत नाहीत. जुन्या रोलेक्सवर पट्ट्याच्या कड्यांमध्ये, बाराच्या बाजूस नमुन्याचा क्रमांक आणि सहाच्या बाजूस त्या घड्याळाचा स्वतःचा क्रमांक कोरलेला असतो. पट्टा काढून ते पाहावे. ते घासून नव्याने कोरलेले दिसले तर पुढे बोलणे खुंटले. आखाती देशांतून आलेल्या घड्याळांच्या बाबतीत ओमानच्या खंजिराचे चिन्ह अथवा एखाद्या संस्थानाची मुद्रा असलेल्या तबकड्यांना फार भाव येतो. म्हणूनच त्या चिन्हांची चौकशी दुप्पट काळजीने करावी.

पाचवी कसोटी दप्तराची. काही कंपन्यांनी आपल्या वह्या जपून ठेवल्या आहेत. लाँजिन कंपनीच्या नोंदवह्या १८६७ पासूनच्या आहेत. यंत्राचा क्रमांक कळवला तर ते घड्याळ केव्हा आणि कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाले हे पुष्कळदा कळते. पटेक फिलिप कंपनीही आपल्या दप्तरातील उतारा देते. असा उतारा फार मोलाचा असतो. पण त्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. वही सांगते ती एवढेच की अमुक क्रमांकाचे यंत्र अमुक दिवशी कारखान्यातून निघाले. आज समोर असलेली तबकडी, काटे आणि केस तेव्हाचीच आहेत असे ती वही सांगत नाही. सनदेची नोंद दप्तरात सापडली म्हणून हातातील सनद अस्सल ठरत नाही. तसेच हे आहे.

या बाबतीत नामांकित तज्ज्ञही कसे चकतात याचे एक उदाहरण जगाने अलीकडेच पाहिले. १९५७ च्या पहिल्या ओमेगा स्पीडमास्टर नमुन्यांपैकी एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एकतीस लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीस गेले. घेणारी स्वतः ओमेगा कंपनीच होती. तिला ते आपल्या संग्रहालयासाठी हवे होते. २०२३ साली त्याच कंपनीला जाहीर करावे लागले की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जमवून उभे केलेले आहे, आणि या प्रकरणात कंपनीच्याच माजी नोकरांचा हात आहे. मुंबईच्या पदपथावरील रंगाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. भाग जमवून घड्याळ उभे करण्याची विद्या चोर बाजारात होती आणि जिनिव्हाच्या झुंबरांखालीही होती. फरक असलाच तर तो असा, की मटन स्ट्रीटवरच्या कारागिराने ती प्रथम गरज म्हणून हाती घेतली होती.

कोणी विचारील, रंगवलेल्या तबकडीचे घड्याळ मग टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. ज्या मुलाने वडिलांच्या मनगटावर ते पाहिले, त्याच्यासाठी त्याचे मोल कोणत्याही लिलावाने ठरत नाही. वडिलांनीच १९७० साली ती तबकडी रंगवून घेतली असेल, तर तो रंग त्या घराच्या इतिहासाचा भाग आहे. आयातबंदीच्या काळातील मुंबईचा तो पुरावा आहे. ते ठेवावे, वापरावे, आणि विकायची वेळ आलीच तर ‘तबकडी नंतर रंगवलेली’ असे लिहून विकावे. नकलेवर ‘नक्कल’ असे लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाइतका प्रामाणिकपणा आपल्यालाही जमावा. ‘मुंबई स्पेशल’ हा डाग पुसण्याचा याहून सरळ उपाय आम्हांस दिसत नाही.

याच कारणास्तव ज्यांच्या घरी डागाळलेले पण अस्पर्श घड्याळ असेल त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की विकण्यापूर्वी ते चकचकीत करू नका. तबकडी रंगवू नका, केस पॉलिश करू नका, जुने काटे बदलू नका. दुकानदार सहज म्हणून जातो की थोडा खर्च करा, नव्यासारखे करून देतो. पुष्कळदा त्या थोड्या खर्चाने वस्तूची अर्ध्याहून अधिक किंमत नाहीशी होते, आणि ती पुन्हा येत नाही. पोथी कसरीने खाल्ली म्हणून कोणी तिच्यावर नव्या शाईने गिरवत नाही. खरेदीची पावती, हमीपत्र, डबी, त्या काळचे एखादे छायाचित्र असेल तर तेही घड्याळासोबत ठेवावे. वस्तूची साक्ष अशा जोडकागदांनी बळकट होते.

घेणाऱ्यांनीही एवढे करावे. गोष्ट विकत घेऊ नये, घड्याळ विकत घ्यावे. हे अमुक संस्थानिकाचे, हे तमुक इंग्रज अधिकाऱ्याचे, अशा कथा आपल्या देशात स्वस्त आहेत. त्या खऱ्या असतील, पण कागदावाचून त्यांना किंमत देऊ नये. यंत्राचे, केसच्या आतील छापांचे आणि तबकडीचे स्पष्ट फोटो मागावेत. पावतीवर कंपनीचे नाव, नमुना, क्रमांक आणि ‘मूळ तबकडी’ अथवा ‘रंगवलेली तबकडी’ हे शब्द लिहून घ्यावेत. तोंडी बोलणारा पुष्कळदा लिहिताना थांबतो. खोटे व्यापारचिन्ह लावणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्याच्या हाती लेखी पावती आहे त्यालाच या कायद्याचा आधार नीट घेता येतो.

आता समारोप करतो. फाव्र-लुबा आणि वेस्ट एंड यांना ज्या शहराने गिऱ्हाईक दिले, टंचाईच्या काळात ज्या शहराच्या घड्याळजींनी परक्या यंत्रांना आयुष्य दिले, त्या शहराचे नाव बनावटीला पर्याय व्हावे हे न्यायाचे नाही. पण हे नाव काही लोकांच्या हाताने तसे झाले हेही खोटे नाही. त्या कारागिरांना दोष देताना इतिहास पाहावा, आणि त्यांच्या नावावर आज लबाडी करणाऱ्यांना मात्र इतिहासाची सबब देऊ नये. नया नगरच्या घरांतून जी घड्याळे आज कपाटात बंद आहेत त्यांतील काही अस्सल असतील, काही नकला असतील, थोडी बनावटही निघतील. त्यांना वर सांगितलेले प्रश्न विचारावेत, एक जबानी दुसरीशी ताडून पाहावी, आणि जे उत्तर येईल ते विकताना किंवा वारसांच्या हाती देताना कागदावर लिहून ठेवावे.